दारामागचा कागद

खोली चारच्या दारामागे
प्लास्टिकच्या पाकिटात एक कागद लटकतो :
कॅस्टारा, टोबॅगो. इथे काय काय कराल.
अकरा वर्षांपूर्वी मी तोंडी सांगितला,
मिसेस आल्फ्रेडांनी टाइप केला,
आणि कासविणीच्या ओळीतलं
माझं अर्धं वाक्य गाळून टाकलं.

पहिलं : काचेच्या तळाच्या होडीतून प्रवाळ पाहा,
नाहीतर मुखवटा लावून सरळ पाण्यात उतरा.
पाहुणे ओलेते परततात, विचारतात,
इयान्थी, तू किती वेळा गेलीस?
मला पोहता येत नाही, म्हणते मी.
त्यांचे डोळे मुखवट्याएवढे होतात. बेटावर जन्मून?
तुमच्या गावाला विमानतळ आहे ना,
मग सगळ्यांना उडता येतं?

दुसरं : शंख वाजला की किनाऱ्याकडे पळा.
जाळं ओढायला हात लागतात, कुणाचेही चालतात.
डेसरिक ओरडत असतो, टाचा रुतवा, टाचा!
आणि ब्रेमेनचा कुणी दंतवैद्य, पोटऱ्या लालभडक,
आमच्या पोरांच्या मधोमध दोराला लोंबकळतो.
वाट्याला आलेले तीन मासे
बादलीतून मिरवत आणतो,
मग स्वयंपाकघराच्या दारात घुटमळतो :
आता यांचं काय करायचं असतं?

तिसरं : मातीच्या भट्टीतला पाव गरम असतानाच खा.
याला टीप नको.

चौथं : ईस्टरनंतर बकूला बकऱ्यांची शर्यत.
बकरीला दोर, दोरामागे माणूस,
माणसाला पांढरीशुभ्र अर्धी चड्डी.
कोण कुणाला पळवतंय ते शेवटपर्यंत कळत नाही.
माझ्या बापाने एकदा अख्खा पगार लावला,
आणि आम्ही महिनाभर नीरफणस खाल्ला,
उकडून, भाजून, मग पुन्हा उकडून.

मार्चअखेर खोली चारला
लीड्सहून एक बाई आल्या, मिस थ्रॉप.
दोन दिवसांत, बकऱ्या आणि कासवीण सोडून,
सगळ्या ओळींपुढे पेन्सिलीची खूण.
तिसऱ्या दिवशी पायरीवर येऊन बसल्या,
नाकावर क्रीम, मांडीवर टोपी.
म्हणाल्या, झालं. अजून पाच दिवस उरलेत.

मी त्यांच्या हातावर तुरी दिल्या.
म्हणजे खरोखरच्या. ओल्या शेंगा, टोपीभर.
सोला, म्हटलं, रात्री भातात घालायच्यात.
त्या सोलू लागल्या. एक शेंग, एक प्रश्न.
मुलं किती?
एक. केझाया.
कुठे असते?
टोरांटो.
येते कधी?
माझ्या हातातल्या शेंगेत कीड निघाली, मी ती फेकली.
केझायाने दिलेल्या तुरी
अशा बसून सोलता येत नाहीत.

पाचवं : रात्री कासवीण पाहा. आवाज करू नका.
एवढंच छापलंय.

लाल दिवा घेऊन आम्ही दोघी गेलो.
ती वर आली, ओट्याएवढी, धापा टाकत.
वाटीने पीठ काढावं
तशी मागच्या पायांनी वाळू काढली,
एकदाही वळून न बघता.
अंडी घातली, बुजवली, वरून थोपटलं.
डोळ्यांतून धार लागलेली.
मीठ असतं ते, मिस थ्रॉप कुजबुजल्या,
त्यांनी कुठेतरी वाचलं होतं.
असेल, म्हटलं मी.

मग त्यांना सांगितलं गाळलेलं अर्धं वाक्य :
आणि ती पाण्याकडे वळली, की तिच्याआधी तुम्ही निघा.
जाणाऱ्याची पाठ पाहू नये.

बरोबर आहे, मिस थ्रॉप म्हणाल्या,
आणि जागच्या हलल्या नाहीत.
मीही नाही.

ती फेसात शिरली. मी मागोमाग,
घोट्यापर्यंत, मग गुडघ्यापर्यंत,
पायांखालची वाळू सरकत होती,
आणि मिस थ्रॉपनी
माझा झगा मागून
दोन्ही मुठींत धरून ठेवला होता.