आसूदच्या चढावर

मुख्तार सोलकरने डॅशबोर्ड उघडला तेव्हा
आतून तीन खवले, एक दहाचं नाणं
आणि गेल्या शिमग्याचा गुलाल निघाला.
म्हणाला, "गाडी धुतोस, की नुसती ओवाळतोस?"

मी गप्प.
चौदा क्रेट कुपा घेऊन आसूद चढताना
पिकअप तिसऱ्यातच दमायची.
मागे काळा धूर, धुरामागे एसटी, एसटीत शिव्या.
"प्रेशर भरत नाही," मी म्हटलं.
"कशावरून?"
"कानावरून."
"मग कानालाच नळी जोडू?"

सोलकढीच्या वाटीच्या बुडाएवढं ते घड्याळ,
शून्यापासून दोनपर्यंत आकडे,
एक काटा, अजून काहीच न बघितलेला.

त्याने इनटेकची बारकी नळी ब्लेडने कापली,
मध्ये पितळी टी बसवला, दोन्हीकडे क्लिपा.
नवी नळी रबरी भोकातून केबिनमध्ये घेतली
जाळ्यातून खेकडा सोडवावा तशी, घाई न करता.
मुरडली तर हवा अडेल,
टर्बोच्या तापल्या अंगाला टेकली तर वितळेल.
दिव्याची वायर पार्किंग लाइटला.
अर्थिंगचा बोल्ट आधी घासून पांढरा केला.
या खाऱ्या वाऱ्यात सगळ्या बिघाडांचं मूळ अर्थिंग,
तो म्हणतो, ग्रामपंचायतीचंसुद्धा.

सेल मारला. काटा शून्यावर.
रेस केली. किंचित थरथरून पुन्हा शून्य.
"बंद आहे."
"बंद नाही. उभी आहे. डिझेल आहे हे,
उभ्या गाडीत शून्यच दाखवणार.
ओझ्याशिवाय टर्बो फुंकत नाही.
ओझं आण."

मग उधारीवर बारा लाद्या बर्फ भरला
आणि निघालो, मी, तो, आणि सांडत जाणारं पाणी.
पहिल्या वळणाला काटा उठला.
दुसऱ्या वळणाला चारवर आला, शून्य पॉइंट चार,
आणि तिथेच बसला.
मी पाय तळापर्यंत दाबलेला.
"ही शिट्टी कसली?" मुख्तारने विचारलं.
"टर्बोची," मी म्हणालो, जरा ऐटीतच.
दोन वर्षं ती माझी ओळख आहे.
पाजपंढरीच्या वळणावर ती ऐकून
बर्फवाला दत्ताराम लादी फोडायला घेतो,
जेटीवरची मांजरं उठून बसतात.
मुख्तार रस्त्याकडे बघत राहिला.
"परत फिरव," म्हणाला.

हवेच्या तोंडाला त्याने प्लंबिंगचं टोपण बसवलं,
कॉम्प्रेसर सोडला, साबणाचं पाणी शिंपडलं.
इंटरकूलरच्या खालच्या पायपावर
एक बुडबुडा फुगला,
लिंबाएवढा झाला, फुटला,
आणि पुन्हा फुगला त्याच चिरेतून.
"ही घे तुझी शिट्टी."

नवा पाइप, दोन क्लॅम्प, साडेसहाशे रुपये.
बर्फ तोवर निम्मा उरलेला,
म्हणून मुख्तारचे दोन मेहुणे मागे बसवले.
काटा एक ओलांडून थोडा पुढे गेला.
धूर नाही. एसटी मागे होती,
आता दिसतही नव्हती.
मेहुणे मागून काहीतरी ओरडत होते.

पहाटे चारला फॅक्टरीसमोर गाडी लावली.
फाटक बंद. मांजरं पोत्यावर झोपलेली.
काचेआड घड्याळाचा हिरवा उजेड,
काटा शून्यावर.
थोडा वेळ बसून राहिलो.
मग हॉर्न दिला, दोनदा.
दत्ताराम डोळे चोळत आला,
बॅटरी माझ्या तोंडावर मारून म्हणाला,
"कोणाची रे गाडी?"