सत्तावन्नावा भाग

दिवसभर अंबडच्या कारखान्यात मी स्विचगिअरची पत्रं टाईप करायची,
आणि रात्री सिडकोतल्या दोन खोल्यांत
दूध उतू जाईपर्यंत
गुरूच्या एका चंद्रावर माणसं उतरवत बसायची.

निर्माते मुंबईहून एसटीडी लावायचे:
"कुमुदताई, आकाशात तीन चंद्र परवडत नाहीत, एक करा."
एक केला.
"तिकडच्या लोकांना चार हात कशाला? शिंपी जास्त मागतो."
दोन छाटले.
"आणि यानात एखादी सासू नाही का हो?"
मग सासूही पाठवली.
वजन नसलेल्या स्वयंपाकघरात तिनं फोडणी केली,
मोहरी छताला जाऊन तडतडली.
पत्रं आली ती तेवढ्या एका प्रसंगावर.

चंद्राची जमीन म्हणजे सिन्नरजवळची खडीची खाण.
थर्माकोलचं यान एकदा वाऱ्यानं उचललं
ते थेट कांद्याच्या वाफ्यात.
मालक म्हणाला, उतरवायचं भाडं द्या.
दिलं. पावतीवर त्यानं लिहिलं: विमान, एक.

छप्पन्न भाग.
मग प्रायोजकाचा साबण खपेना,
साबणाबरोबर अवकाशही बंद.
सहा जण यानात राहिले.
सातवा, उद्धव शेजवळ, अँटेना जोडायला गेलेला,
बंद दाराबाहेर, दोरीला धरून.
खाली पाटी: क्रमशः.

पुढे मी पुष्कळ लिहिलं.
नागकन्या, शाप, उःशाप,
एका राणीचा सूड सत्तर भाग ताणला.
शेवटचा चेक दोनदा वटला नाही,
तिसऱ्यांदा निर्माताच वटला नाही.

काल फ्रिजवाला आला, देवळाली कॅम्पचा,
मुलगा म्हणावा तर कानशिलं पिकलेली.
कपाटावरच्या गंजक्या स्मृतिचिन्हावरचं नाव
त्यानं ओठ हलवत वाचलं.
हातात पाना तसाच.
"बाई, तो बाहेर राहिलेला...
आत आला का हो?"

मी काही बोलले नाही, म्हणून तोच बोलला:
"दुसरीत होतो. पप्पा झोपले की उठून
दाराची कडी काढून ठेवायचो.
एकदा सापडलो. लई मार खाल्ला."

"आला ना," मी म्हटलं, "पुढच्याच भागात."
थाप मारायचा हात अजून गेलेला नाही.
त्यानं मान हलवली, गॅस भरला,
दोनशे रुपये कमी लावले. मी ते बळेच दिले.

आता रात्र. मांडीवर पॅड.
नाशिकरोडकडून मालगाडी जातेय, संपता संपत नाही.
दृश्य एक. बाह्य. अवकाश.
इथं वेळ लिहावी लागते, पद्धत आहे,
आणि छप्पन्न वेळा मी रात्र लिहिलं.
उद्धव तिथंच आहे,
वेल्डिंगवाल्याकडून भाड्यानं आणलेल्या शिरस्त्राणात,
म्हातारासुद्धा झालेला नाही.

मी लिहिते: पहाट.
तिथं पहाट नसते, ठाऊक आहे मला.
परवडतही नाही.