फौंडेशन

लाल दिव्यावर थांबलं की
आरशातलं फूलबाग वितळायला लागायचं.
मागचा टेम्पो, त्याचा ड्रायव्हर, त्याच्या कपाळावरचं गंध,
सगळं दुहेरी.
मला वाटलं, चष्म्याचा नंबर बदलला.
डॉक्टर तपासून म्हणाले, डोळे ठीक आहेत,
गाडी कोणती आहे?

हरविलास कुशवाहने बॉनेट उघडलं.
ब्रेक दाबा, पहिला टाका, क्लच सोडा जरासा. जरासाच.
इंजिन कुशीवर वळलं
आणि धप्पकन परत पडलं.
"मॅडम, फौंडेशन बैठ गई."

आमच्यात घसा बसतो, धंदा बसतो,
रुसून माणूस बसतं.
रबरही बसतं
हे मला बासष्टाव्या वर्षी कळलं.

एजी ऑफिसात तीस वर्षं लोकांची बिलं तपासली,
तेव्हा शिंद्यांच्या छावणीत चार दुकानं फिरणं आलंच.
पहिल्याकडे कंपनीचा माल, एकवीसशेला एक,
पण दोनच. तिसरं आता बनत नाही.
दुसऱ्याकडे साडेचारशेचं,
नख रुतवलं तर नखाची खूण राहिली, बोटाला रॉकेलचा वास.
तिसऱ्याने लालभडक एक काउंटरवर आपटलं:
"ये कभी नहीं टूटेगी."
आणि थरथर?
"वो तो सीट में आएगी."

न तुटणाऱ्यांचं असंच असतं.
अशा एका साहेबाच्या हाताखाली
मी अकरा वर्षं काढली आहेत.

चौथ्याकडे अपघातातल्या गाडीचं होतं. हात लावला नाही.

एकच बदलूया का, मी विचारलं.
हरविलास जॅकचं हँडल पुसत होता.
एक नवं घातलं तर ते ताठ उभं राहतं,
भार जातो जुन्या दोघांवर,
महिन्याभरात तीही बोलतात.
म्हणून दोन कंपनीची, एक नखाच्या खुणेचं.
नखाची खूण मागे, जिथे कुणाला दिसत नाही.

जानेवारी. अकरा वाजले तरी धुकं गॅरेजच्या शटरात अडकलेलं.
तेलाच्या टाकीखाली फळी, फळीखाली जॅक,
आणि अख्खं इंजिन त्या फळीवर, अधांतरी,
तर हा चहाला निघून गेला.
मागचा बोल्ट नव्व्याण्णव सालापासून उघडलाच नव्हता.
त्याला रात्रभर तेलात मुरवलेलं,
तरी सुटताना तो ओरडला.

जुनं रबर माझ्या हातात दिलं.
तेल पिऊन फुगलेलं, पत्र्यापासून सुटलेलं.
फटीला डोळा लावला तर पलीकडचा चहावाला दिसला.
एक लाख छत्तीस हजार किलोमीटर.
दतियाचे खड्डे.
ऋजुताच्या क्लचच्या चुका, ज्यांवर मी ओरडले
आणि हे काही बोललं नाही.
डायलिसिसहून परतताना मागच्या सीटवर आई झोपायची,
तिची झोप मोडू नये म्हणून मी किती हळू चालवते
असं मी सगळ्यांना सांगत असे.

नवी तिन्ही बसली तरी त्याने बोल्ट आवळले नाहीत.
गाडी सुरू केली, नुसती उभी ठेवली.
पाच मिनिटं. सात.
मी म्हटलं, अहो, आवळा ना.
"अभी नहीं. पहले इसे अपने हिसाब से बैठने दो."
इंजिन सैल बोल्टांत थोडं डावीकडे सरकलं,
थोडं मागे,
थांबलं.
मग पाना.

येताना फूलबागला लाल दिवा लागला.
टेम्पोवरचं नाव आरशात उलटं होतं,
मी अक्षर अक्षर सुलटं करून वाचलं.

आणि त्या शांततेत ऐकू आलं,
डॅशबोर्डच्या आत कुठेतरी
एक स्क्रू किणकिणतोय.
किती वर्षांपासून, कोण जाणे.

घरी येऊन वहीत लिहिलं:
रबर तीन, चार हजार सहाशे पन्नास.
मजुरी नऊशे.
खाली, पेन्सिलीने: स्क्रू.