चुंबक फिरवताना

एल्कोच्या बाहेर, सेजब्रशच्या माळावर आमची रेंज.
सहाला शेवटचा बार होतो,
मग माझं काम सुरू.
काठीच्या टोकाला ताटलीएवढं चुंबक,
ते जमिनीलगत फिरवत मी पट्टीपट्टीने जाते.

पोलाद उडी मारून चिकटतं.
पितळ जागचं हलत नाही.

सोपं आहे.
पितळेची बादली वेगळी, तिचा भाव दर सोमवारी फोनवर कळतो.
पोलादाचं पिंप शेडच्या मागे,
पहिल्या बर्फातच त्याला गंज चढतो
आणि भंगारवालासुद्धा तोंड वाकडं करून नेतो.

खाणीतली पोरं पोलादच आणतात.
पगाराच्या शुक्रवारी हजाराचा खोका,
हिरवट लाखेची काडतुसं, कुठल्यातरी थंड देशातली.
एकदा खोक्यात चिठ्ठी निघाली: तपासनीस क्रमांक सतरा.
ती सतरा नंबरची बाई
(बाईच असणार)
माझ्यासारखीच उभ्याने जेवत असेल.

लाइल ऑस्टरगार्ड मात्र पितळेचा माणूस.
विजेच्या खांबांवर चढून चढून गुडघे गेलेले,
तरी दर मंगळवारी चौथ्या पट्टीवर.
"पितळेला रीत कळते," म्हणायचा,
"बार झाला की फुगतं, कोठीच्या भिंतीला घट्ट टेकतं,
धूर मागे येऊ देत नाही.
काम झालं की अंग चोरून बाहेर.
पोलाद आडमुठं. पुरतं फुगतच नाही.
सगळी काजळी तुझ्या तोंडावर."

जुना टॉवेल अंथरायचा,
आणि शेवटी त्या गुडघ्यांनिशी वाकून
रिकामी काडतुसं स्वतः वेचायचा, मोजून.
घरी गॅरेजमध्ये ती धुणार, दाबून मापात आणणार,
बंदुकीची दारू तराजूत तोलून
पुन्हा भरणार.
दर भरणीला बुडाशी काळ्या पेनाने एक ठिपका.
सात ठिपके, आठ.
मानेला तडा गेला की ते काडतूस खिशात जायचं,
माझ्या बादलीत कधीच नाही.

ऑगस्टमध्ये म्हणाला,
"तराजू आता माझं ऐकत नाही."
मी तराजूच समजले.
मग त्याने कॉफीचा कप दोन्ही हातांनी उचलला.

ऑक्टोबरातला मंगळवार. वारा होता.
खिडकीतून पाहिलं तर टॉवेल नव्हता.
वीस बार झाले, सावकाश,
आणि तो टोपी दाबत माझ्याकडे न बघता गेला.
वाकला नाही.

सहाला मी चौथ्या पट्टीवर चुंबक नेलं, सवयीनं.
तिथे कधीच काही चिकटत नसे.

एकोणीस काडतुसं टणाटण उडून बसली.

पितळ उघडं पडलं, असं म्हणतात लोक.
इथे पोलाद उघडं पडलं होतं,
आणि लाज मला वाटत होती,
कुणाची तरी बंद खोली चुकून उघडल्यासारखी.

विसावं धुळीत तसंच पडून.
उचललं. पितळेचं.
बुडाशी ठिपके, वेडेवाकडे, एक तर रेघच झालेला.
अकरा मोजले.
बाराव्या बाराला मानेत केसाएवढा तडा.

तडा गेलेल्या पितळेलाही भाव तोच असतो.
बादलीपाशी गेले, परत आले.
लहानपणी आम्ही रिकाम्या काडतुसाच्या काठावर ओठ टेकवून शीळ घालायचो.
घालून पाहिली.
अर्धी हवा तड्यातून गेली.

पुढच्या मंगळवारी तो आला,
काउंटरवर बोट ठेवून हिरव्या लाखेचा खोका मागितला,
सगळ्यात स्वस्त.
मी सुटे पैसे त्याच्या तळहातावर न ठेवता
काचेवर ठेवले, एकेक, सुटे सुटे,
त्याला उचलायला जमेल असे.

दारापाशी थांबला.
"चौथीवर ते चुंबक," म्हणाला,
"मी गाडी काढल्यावर फिरवत जा."

बरं, म्हटलं.
तेव्हापासून पाचवीपासून सुरू करते.