पोटासाठी

डॉक्टर हारथींनी कागदावर माणूस काढला,
नाक-डोळे नसलेला.
दोन फुल्या : एक स्वरयंत्रावर,
एक खाली, अन्ननलिकेत.
दोन्ही एकदमच काढू, म्हणाले.
मराठीत सांगायचं काम माझं, नर्सचं.

सांगितलं : आवाज जाईल, चाचा.
अन्ननलिका जाईल.
जठर सोडवून छातीतून वर घेतील,
घशाला शिवतील.

दाऊद पांगारकरांनी गळ्यावर बोट टेकवलं.
"म्हंजे पोटासाठी मस्कतपर्यंत आलो,
आता पोटच इथपर्यंत येणार."

डॉक्टरांनी विचारलं, काय म्हणतायत?
मी म्हटलं, तयार आहेत.

आदल्या रात्री त्यांनी घरी फोन लावला.
मी पडदा ओढून घेतला. निरोपाचं बोलतील म्हणून.
पंधरा मिनिटं चिऱ्यांच्या भावावरून भांडले.
शेवटचं वाक्य :
"वाहतूक धरून सांग, वाहतूक धरून."

अकरा तास.
एक टीम पोटाशी, एक मानेशी,
मधे मी, बोळे मोजत.

नवव्या दिवशी निळं पाणी दिलं, चमचाभर.
ड्रेनच्या नळीत निळं काही दिसेना.
उतरलं, मी म्हटलं. चाचा, उतरलं!

त्यांनी पाटी ओढली.
मानेच्या भोकातून श्वास घेत, सावकाश लिहिलं :
चिरे उतरले?