नऊ दिवसांची रजा

नऊ दिवस मंजूर झाले.
रक्तपेढीच्या साहेबांनी हिरव्या शाईत सही केली,
आणि त्या संध्याकाळपासून
आमच्या दांडिया बाजारच्या घरात कुणाला आराम नाही.

शिर्के नकाशा पसरून बसलेत.
सव्वीस वर्षं नवऱ्याला आडनावानंच हाक मारतेय,
आता जीभ वळत नाही.
त्यांना हवीत सात दिवसांत अकरा ठिकाणं,
पाचला चहा, साडेपाचला बस,
एक किल्ला खिडकीतून, एक पायी,
रात्री वहीत बरोबरच्या खुणा.
"दमलं की बरं वाटतं गं," म्हणतात.
खोटं नाही ते.
रावपुऱ्यातल्या दुकानात दिवसभर स्टुलावर बसून
लोकांच्या डोळ्यांचे नंबर काढतो हा माणूस,
त्याला लांबचं बघायचंय.

माझे पाय मात्र रात्रपाळीत चालून झालेले असतात,
फ्रीज ते खिडकी, खिडकी ते फ्रीज,
पिशवी, लेबल, गट, सही.
कुणीतरी जिना धावत येतं,
धाप टाकत एवढंच विचारतं, "आहे का?"
मला तिथं जायचंय
जिथं मला कुणी काही आहे का विचारणार नाही.

सल्ले तर फुकटच.
ऋजुतानं बेंगळुरूहून फोटो धाडला,
निळं पाणी, त्याला म्हणे काठच नाही.
मी बोटांनी मोठा करून पाहिला:
पाण्यात कुणी नव्हतं,
सगळे बाहेर, फोनात.
समोरच्या रमीलाबेन म्हणाल्या, "दरियो, बेन, दरियो!
पण नाश्ता घरचा घेऊन जा."
वन्संना देव हवा. नवस राहिलाय म्हणे.
म्हणजे सुट्टीतसुद्धा उधारी.

रविवारी कमाटीबागेत
फुलांच्या घड्याळासमोर बसून आम्ही भांडलो.
हळू आवाजात, शेंगा सोलत.
"तू तिथं करणार काय?"
काही नाही.
"काही नाही, म्हणजे किती वेळ?"
याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं.
काटा फुलांवरून सरकला.
त्यांनी सवयीनं माझा चष्मा काढून घेतला,
सदऱ्याच्या टोकानं पुसला, उजेडाकडे धरला,
आणि दुकानातल्या आवाजात म्हणाले,
"तुझा नंबर वेगळा, माझा वेगळा.
एका काचेत दोघांना कसं दिसायचं?"

घरी येईपर्यंत पुन्हा घाबरले.
लोक काय म्हणतील,
बीपीची गोळी कोण देणार,
आणि मोठी बॅग कुणाकडे.
मोठी बॅग त्यांना दिली.
गोळ्या वारांप्रमाणे पुड्यांत बांधल्या.
लोकांचं मात्र काही करता आलं नाही;
वन्सं अजून बोलत नाहीत.

चांदोदच्या धर्मशाळेला फोन केला.
पलीकडचा म्हातारा प्रामाणिक निघाला:
"ताई, इथं बघण्यासारखं काही नाही हां.
खोलीसमोर नर्मदा आहे, बस."
मी म्हटलं, तीच खोली द्या.

त्यांची बस पहाटेची, माझी नवाची.
डेपोत दोघांनीही हात जरा उशिरा हलवला.
पहिला दिवस वाईट गेला, सांगूनच टाकते.
दर तासाला जागी झाले,
अंधारात फ्रीजचा दरवाजा शोधत होते.
दुसऱ्या दिवशी कपडे धुतले, वाळले,
पुन्हा धुतले.

तिसऱ्या दुपारी त्यांचा फोन.
मागे गाईड ओरडतोय, कुणाचं तरी पोर हरवलंय.
"पाचवं ठिकाण!" म्हणाले. "तुझं काय चाललंय?"
एक होडी येतेय पलीकडून, मी म्हटलं.
"मग?"
मग काही नाही. अजून मध्यावर आहे.

ते गप्प झाले.
बसचा हॉर्न वाजला, पुन्हा वाजला.
"पोचली की सांग," म्हणाले,
आणि फोन ठेवला नाही.