त्याच्यावर लिहू नका

विंडोज नव्यानं टाकताना
सी समजून डी पुसला मी,
मंगळवारी, भर दुपारी,
कूलरातलं पाणी संपलं होतं तेव्हा.

गांधीबागेतून निशिकांत हेडाऊ आला,
डोक्याचा रुमाल सोडलाही नाही त्यानं.
"घाबरून नका जाऊ ना, ताई.
पत्ता पुसला फक्त. घर जागीच हाये.
पण त्याच्यावर नवं काही लिहू नका, बाप्पा."

दोन दिवस लिहिलं नाही.
गिऱ्हाइकांची नावं विजेच्या बिलामागे, पेन्सिलीनं.

रात्रभर डिस्क किरकिरली.
सकाळी अकरा वर्षांच्या लग्नपत्रिका परतल्या,
कपाळावर नुसते आकडे घेऊन.
फॉन्टही गेलेला, त्यामुळे
सगळे वर, सगळ्या वधू, झाडून सगळे मामा
कंस, डॉलर, प्रश्नचिन्हं.
गणपती तेवढे शाबूत. आणि बुद्ध.

फॉन्ट टाकला. पहिलीच उघडली
ती उमरेड रोडच्या गजभियेंची.
चार वर्षांपूर्वी मुलगी एकटी आली होती.
ॲडव्हान्स मागितला नाही.
म्हणाली, माझ्यासमोर पुसा.
पुसली. रिसायकल बिनही रिकामं करून दाखवलं.

म्हणजे तेव्हाही पत्ताच.

निशिकांतला फोन लावला :
खरंच पुसायचं असलं तर?
"मंग लिहा ना त्याच्यावर. काहीभी."

काउंटरशी इतवारीचे एक काका
मुंजीचा मजकूर घेऊन ताटकळलेले.
बसा म्हटलं. त्याच पानावर सुरू केलं :
बटूचं नाव, आजोबांचं, हॉलचा पत्ता.
तारखेपाशी बोटांनी
आपोआप सतरा मे उमटवलं.

काका म्हणाले, अहो, एकवीस.